यंदाचंच गाणं

प्रिय तबकडी,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. आज तो शब्द तुला जरा जास्तच होतोय, पण दुसऱ्या कशाने सुरुवात करायची हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. शाळेत सिस्टरांनी आभाराचं पत्र शिकवलं, माफीचं शिकवलं, आजारपणाच्या रजेचा अर्ज शिकवला. जिवाभावाच्या मैत्रिणीवर भडकल्यावर काय लिहायचं, ते अभ्यासक्रमात नव्हतं. म्हणून ख्यालीखुशाली विचारत नाही. तू उत्तम आहेस, मजेत आहेस, तुला काही झालेलं नाही, असं तू वर्षभर मला कळवतेच आहेस. अक्षर वाकडंतिकडं आलंय, कारण वही मांडीवर धरून लिहितेय. वाचायला त्रास झाला तर होऊ दे. मलाही झालाय.

शाळेच्या त्या संमेलनापासून सुरू करते, कारण तिथेच आपलं ठरलं होतं आणि जे ठरलं होतं ते तू मोडलंस. सगळ्या जणी जमलेल्या, केस रंगवलेल्या आणि गुडघे धरून बसलेल्या. कुणीतरी आपल्या कॉलेजच्या वेळची गाणी लावली आणि बायका डोळे पुसायला लागल्या. आपली मॉनिटर, जी आता दोन नातवंडांची आजी आहे आणि अजूनही मॉनिटरच आहे, सगळ्यांना दम दिल्यासारखी म्हणाली, "आताची गाणी म्हणजे नुसता गोंगाट. आपल्या वेळी शब्दांना अर्थ होता." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तू टेबलाखालून मला असा चिमटा काढलास की वळ उठला. बाहेर बसथांब्यावर आल्यावर म्हणालीस, "सुई, मी कधी अशी मुळूमुळू रडायला लागले तर सरळ एक थोबाडीत दे." मी म्हटलं, देते की, त्यासाठी रडायची वाट कशाला बघायची? आणि आपण दोघी बस सुटेपर्यंत खिदळत राहिलो. बसमधल्या कॉलेजच्या मुली आपल्याकडे बघून तोंड वाकडं करत होत्या.

तिथेच ठरलं. दर शनिवारी एकमेकींना एक गाणं पाठवायचं, आणि ते यंदाचंच हवं. गेल्या वर्षीचंसुद्धा शिळं. करणाऱ्याचं नाव आपण कधी ऐकलेलं नसावं, त्याच्या मागे कुठली कंपनी नसावी. स्वतःच्या खोलीत बसून केलेलं, स्वतःच इंटरनेटवर टाकलेलं, दहा-वीस माणसांनीच ऐकलेलं असलं तर उत्तम. त्याच्याबद्दल कुणी काय लिहिलंय ते आधी वाचायचं नाही. आणि सोमवारपर्यंत खरं काय ते कळवायचं. हे 'खरं काय ते' तुझे शब्द होते. मी फक्त मान हलवली होती.

पहिलं गाणं तू पाठवलंस. कुणा मुलाने बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातल्या यंत्रांचे आवाज गोळा करून केलेलं. मी तुला विचारलं होतं, हे गाणं आहे की माझा फ्रिज बिघडलाय? तू लगेच फोन केलास. म्हणालीस, "डोळे मीट. ते खाली जे धडधडतंय ना, ते मोजू नकोस. त्याच्यावर बस. झोपाळ्यावर बसतात तशी बस." मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून डोळे मिटले आणि खरंच काहीतरी मला उचलून घेऊन गेलं. आमचे हे धावत आत आले आणि त्यांनी मिक्सरचं बटण बंद केलं. मिक्सर बंदच होता. तेव्हापासून आमच्या घरात तुझ्या गाण्यांना 'मिक्सर' म्हणतात.

तू मला त्या संगीतात ओढलंस, हे विसरू नकोस. मी नाक मुरडणारी होते. त्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा, तुझ्या सिंथचा, लांबच लांब सूर आला की मला वाटायचं, कुणीतरी हॉर्नवर कोपर ठेवून झोपलंय. एकदा तू एका मुलीचं गाणं पाठवलंस, त्यात तिचा आवाज पार यंत्राचा झाला होता. मी म्हटलं, ही डब्यात तोंड घालून का गातेय? तू पडलीस गणिताची बाई, मला फळ्यावर समजावावं तसं समजावलंस. म्हणालीस, याला व्होकोडर म्हणतात. माणसाचा आवाज घ्यायचा, त्याचे पट्टे पाडायचे, बराचसा आवाज फेकून द्यायचा आणि उरलेल्या सांगाड्यात यंत्राचा आवाज भरायचा. "आणि एवढं फेकून दिलं तरी ती मुलगी दुःखी आहे हे तुला कळलं की नाही?" असं तू विचारलंस. कळलं होतं. मी ते गाणं पुन्हा लावलं.

मग मलाच नाद लागला. मी आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, माझ्या रिसेप्शनच्या टेबलावरून, ही गाणी हळूच लावायला लागले. एके दिवशी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, आत ड्रिल चालू आहे, बाहेरही ड्रिल कशाला?" पण एक पेशंट, अक्कलदाढ काढून तोंडात बोळा धरलेली, जाताना कागदावर लिहून विचारून गेली की ते मघाचं गाणं कुणाचं होतं. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू इतकी खूश झालीस जसं काही ते गाणं तूच केलंयस.

आणि तुझी सोमवारची उत्तरं! मी ती फोनमधून एकही पुसलेली नाही. "या मुलीला आवाज चांगला आहे हे तिला कुणीतरी फार लवकर सांगितलंय." "हा मुलगा बीट सोडायला घाबरतो. आईचा पदर धरल्यासारखा धरून बसलाय." "सुई, हे तू कानाने निवडलंस की पायाने?" मी शनिवारी पाठवायचे ते धास्तीने, आणि सोमवारी तुझं उत्तर उघडायचे तेही धास्तीने. या वयात आपल्याला धास्ती वाटावी असं काही उरतं का ग? डॉक्टरांचे रिपोर्ट सोडले तर?

आता गेल्या वर्षाकडे येते. तुझी उत्तरं गोड व्हायला लागली. आधी थोडी, मग पार पाकातली. 'विलक्षण.' 'काय पोत आहे!' 'अंगावर काटा आला.' आणि मी काय समजले माहीत आहे? मी समजले, माझी निवड सुधारली. यांना मी अभिमानाने वाचून दाखवायचे. हे म्हणायचे, "चला, तुमच्या मास्तरीणबाईंनी पास केलं एकदाचं." तू पाठवायचीस तीही गाणी बदलली. आधी सगळी जाड, खर्जातली, खिडकीच्या काचा थरथरतील अशी. मला वाटलं, बाईला नवा छंद लागला. मग तू पाठवायला लागलीस ती सगळी नीटनेटकी, सगळ्यांना आवडतील अशी, हजारो लोकांनी आधीच वाखाणलेली. आपल्यात ते चालत नाही, तरी मी बोलले नाही. फोन तर तू केव्हापासून उचलतच नव्हतीस. कधी घसा बसलेला, कधी फोन बिघडलेला, आणि एकदा तर तू लिहिलंस 'मीटिंगमध्ये आहे'. निवृत्त बाई, कसली मीटिंग? भाजी निवडण्याची?

आणि मग नळ गळायला लागला.

हे तुला माहीत नाही, म्हणून नीट सांगते. मला मध्ये एक सूर सुचला होता. विसरायला नको म्हणून मी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो गुणगुणत होते, तेवढ्यात प्लंबर आला. फोन तसाच ॲप्रनच्या खिशात गेला. त्यात त्याचं पाइपवर पान्याने ठोकणं आहे, पाण्याची सुरसुर आहे, आणि आमचं कडाक्याचं भांडण आहे. तो म्हणतोय, "वॉशर नाही मिळाला तर मी काय करू? मी काय वॉशर खिशात घेऊन जन्मलो?" आणि मी म्हणतेय, "मग काय घेऊन जन्मलात, पाना? चार दिवस बादली लावून बसलेय मी!" मागून हे विचारतायत, चहा ठेवू का. शनिवारी तुला गाणं पाठवताना माझं बोट घसरलं आणि गाण्याऐवजी हे गेलं. सोबत मी लिहिलं होतं की एका दूरच्या बंदरातली मुलगी आहे, आवाज कोवळा आहे, मध्यावर बेस येतो तिकडे लक्ष दे.

सोमवारी तुझं उत्तर आलं. "सुई, विलक्षण! काय तरल आवाज आहे पोरीचा. आणि मध्यावर तो बेस येतो तिथे पोटात गोळाच आला. पुन्हा पुन्हा ऐकतेय."

मला हे लगेच कळलंसुद्धा नाही. पुढे कधीतरी तो गुणगुणलेला सूर शोधायला म्हणून ते रेकॉर्डिंग उघडायला गेले आणि बघितलं तर तेच तुला गेलेलं. मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. वाटलं, तबकडीने काय फिरकी घेतली माझी! प्लंबरला कोवळा आवाज म्हणते! यांनाही ऐकवलं. हेही हसले, आणि मग हसता हसता थांबून म्हणाले, "पण अहो, तिने ते ऐकलंय का?"

मी तुला फोन केला. तू उचलला नाहीस. मग तुझ्या सुनेला केला, तिच्या औषधांच्या दुकानात. ती म्हणाली, "एक मिनिट हं मावशी, गिऱ्हाईक आहे." ते गिऱ्हाईक जाईपर्यंत मी फोन धरून बसले. मग ती अगदी सहज म्हणाली, "आईंचं काय विचारताय? आहे तसंच आहे. उजवा कान पूर्ण गेला, डाव्यात थोडंसं उरलंय. मशीन लावूनही आता काही उपयोग होत नाही." मी विचारलं, "कधीपासून?" तेव्हा ती घाबरली. म्हणाली, "मावशी, तुम्हाला माहीत आहे ना? आई तर म्हणाल्या, सुईला मी पहिल्यांदा सांगितलं."

पहिल्यांदा! तबकडी, तू खोटं बोललीस ते एक वेळ सोडते. पण माझ्याशी बोलल्याचं खोटं बोललीस? माझं नाव पुढे केलंस, म्हणजे घरच्यांनी तुझ्यामागे लागू नये? तुझ्या घरी सगळे निर्धास्त, की सुई आहे ना तिच्याशी बोलायला. आणि सुई इकडे, दातांच्या दवाखान्यात बसून, कुठली गाणी तुला आवडतील म्हणून जगभरातल्या पोरांच्या खोल्यांमध्ये डोकावतेय. तू मला किती एकटं पाडलंस आणि स्वतःही किती एकटी पडलीस, आणि हे सगळं इतकं नीट, इतकं गणिताच्या वहीसारखं स्वच्छ, की कुठे खाडाखोड नाही. मला तुझी दया येत नाहीये. मला तुझा राग येतोय. लोकांना वाटतं, राग ओसरला की खाली माया असते. माझा राग हीच माझी माया आहे, दुसरी मला येत नाही. तू हे सगळ्यांत आधी जाणणारी होतीस.

तुझ्या सुनेने मग सगळं सांगितलं. कानाच्या आत बसवायचं यंत्र, त्याचं ऑपरेशन, डॉक्टरांनी धरून ठेवलेली तारीख, आणि तुझा नकार. डॉक्टरांनी म्हणे तुला खरं ते सांगितलं. बोलणं पुन्हा कळायला लागण्याची आशा चांगली आहे, पण संगीत पूर्वीसारखं ऐकू येणार नाही, आणि डाव्या कानात जे थोडं उरलंय तेही कदाचित जाईल. यावर तू म्हणालीस, "मग नको. माझी गाणी माझ्या डोक्यात आहेत. आहेत तशी राहू देत. त्यांना धक्का नको."

हे ऐकलं आणि मला ते संमेलन आठवलं. त्या डोळे पुसणाऱ्या बायका आठवल्या. तू त्यांच्यात जाऊन बसलीस ग! माझी गाणी, आहेत तशी, धक्का नको. मॉनिटर याहून वेगळं काय म्हणत होती? तू स्वतःच मला बजावून ठेवलं होतंस थोबाडीत द्यायला. हात शिवशिवतोय.

मी काही नुसती चिडून बसले नाही. आमच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर कानांचा दवाखाना आहे. तिथे एक मुलगी ही यंत्रं बसवल्यावर ती जुळवून देण्याचं काम करते. तिची जेवणाची सुट्टी गाठून मी गेले आणि डोकं खाल्लं. बिचारीचा डबा गार झाला. ती म्हणाली, "मावशी, मी खात्री कसलीच देणार नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं." मग तिने मला हेडफोन लावले आणि म्हणाली, या यंत्रातून बोलणं सुरुवातीला साधारण कसं लागत असेल ते ऐका. एक पुरुष काहीतरी बोलत होता. आवाजाचे पट्टे पाडलेले, बराचसा फेकून दिलेला, उरलेल्या सांगाड्यात खरखर भरलेली. ती मुलगी माझ्याकडे काळजीने बघत होती. म्हणाली, नातेवाईक हे ऐकून रडतात. आणि मी हसायला लागले. तबकडी, ते आपलं व्होकोडर होतं! डब्यात तोंड घालून गाणारी आपली मुलगी! मी तिला म्हटलं, अग बाई, हे तर आम्ही हौसेने ऐकतो.

मग ती जेवायचंच विसरली. तिने सांगितलं की खूप वाद्यं एकदम वाजली की या यंत्रातून त्यांचा लगदा होतो. गोड, भरगच्च, व्हायोलिनं भरलेलं सगळं कठीण. सूर नीट कळत नाहीत, आणि काहींना ते कधीच नीट कळत नाहीत, हेही तिने लपवलं नाही. पण ठेका स्वच्छ कळतो. मोजकं, सुटसुटीत, ठसठशीत वाजणारं सापडतं. आणि एक गोष्ट तिने सांगितली ती मी तिथल्याच चिठ्ठीवर लिहून घेतली. म्हणाली, लोक घरी जाऊन आपलं जुनं आवडतं गाणं लावतात आणि कोसळतात, कारण ते आठवणीतल्यासारखं लागत नाही. नवं गाणं असेल, कधीच न ऐकलेलं, तर त्याची तुलना कशाशी करणार? ते जसं लागेल तसंच ते असतं.

ऐकलंस? वाचलंस, म्हणते. ज्या संगीताला जग गोंगाट म्हणत होतं, ते तुझ्यापर्यंत पोचायची सगळ्यांत जास्त शक्यता आहे. सगळ्यांना सोडून तू आणि मी, आपण दोघींनीच वर्षानुवर्षं याची तालीम केलीय, आणि ऐन वेळी तू वर्गाबाहेर जाऊन उभी राहिलीस. शाळेचा पियानो बेसूर झाला की सिस्टर म्हणायच्या, याच्यावर भरवसा नको, हिला सूर द्यायला सांगा. आणि तू उभी राहून सूर द्यायचीस, आणि आम्ही पन्नास जणी तो उचलायचो. तेव्हापासून तुला वाटतं, चुकीचा सूर लागण्यापेक्षा न गायलेलं बरं. भीती वाटतेय ना? मग तसं लिही. 'सुई, मला भीती वाटतेय.' एवढंच लिहायला काय झालं होतं? तू मला 'विलक्षण' लिहीत राहिलीस.

मला तुझी समजूत घालायला पाठवलंय असं समजू नकोस. तुझ्या मुलाने सांगून बघितलं, "मावशी, तुमचं ती ऐकेल." मी त्याला म्हटलं, ती आता कुणाचंच ऐकत नाही, हाच तर घोळ आहे. तो आधी दचकला आणि मग हसला. घरात हसत जा रे, असं सांगितलं त्याला.

या शनिवारचं गाणं पाठवलं नाही, ते इथेच सांगते. लिफ्ट दुरुस्त करणारी एक बाई आहे. कुठली ते माहीत नाही. तिने लिफ्टच्या विहिरीत उतरून तिथली घरघर टिपलीय आणि त्यावर गाणं बांधलंय. पहिल्यांदा फक्त ठोके आहेत, सावकाश, कुणीतरी जाड चपलांनी जिना चढत असल्यासारखे. तळहात टेबलावर ठेवून एक एक बोट दाबत जा, तसे. मग त्यांच्यामध्ये एक बारीक टिकटिक शिरते, घाईची, आणि ती ठोक्यांच्या पुढे पळायला बघते, पण ठोके काही वेग वाढवत नाहीत. ती बाई एकच ओळ म्हणते, पुन्हा पुन्हा, 'मी खालून येतेय.' बाकी काही नाही. शेवटी टिकटिक दमते आणि ठोक्यांच्या बरोबरीने चालायला लागते. मला आवडलं. पण खरं सांगू? तू ऐकल्याशिवाय एखादं गाणं चांगलं आहे की नाही ते मला कळतच नाही. इतकी वर्षं झाली, मी अजून अर्धंच ऐकते आणि उरलेलं अर्धं सोमवारी येतं. वर्षभर ते आलेलं नाही. माझे दोन्ही कान धडधाकट आहेत आणि मी वर्षभर अर्धीच ऐकतेय. हे नुकसान कुणाचं, ते सांग.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मी तुझ्या दाराबाहेर आहे. सकाळची बस पकडून आले, तोंडावर भांडायला. बेल वाजवली. मग दार ठोकलं, मग हात दुखेपर्यंत ठोकलं. तुला मेसेज केला तर आत कुठेतरी तुझा फोन किणकिणला आणि तसाच पडून राहिला. मुलगा आणि सून कामावर. तुझ्या शेजारणीने मला एक स्टूल आणून दिलं आणि म्हणाली, "त्या घरातच असतात, पण त्यांना ऐकू येत नाही ना, तुम्हाला माहीत नव्हतं?" तुझ्या शेजारणीलाही माहीत आहे! मी खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून ही वही आणली आणि तुझ्या दाराला पाठ लावून लिहायला बसले. आणि लिहायला बसल्यापासून तू आत गातेयस. सूर सुटलाय, तबकडी. कधी वर जातो, कधी बसतो, शब्दांचे काठ झिजलेत, आणि तुला ते कळत नाहीये, आणि तुला ते सांगायला आत कुणी नाही. मी केव्हापासून कान देऊन बसलेय, पण ते गाणं कुठलं आहे ते मला ओळखता येत नाही. जुन्यातलं आहे, की मी पाठवलेल्यातलं, की तुझंच काही नवीन? ऑपरेशनला हो म्हण किंवा नाही म्हण, कान तुझे आहेत. पण जे म्हणायचंय ते मी समोर बसलेली असताना म्हण. हो म्हणालीस तर रोज कुणीतरी समोर बसून बोलावं लागतं म्हणे, महिनोन्‌महिने, आणि बोलायचा मला कधी कंटाळा आलाय? नाही म्हणालीस तरी मी येणार आणि वहीत लिहून भांडणार. आता एक एक पान दाराखालून आत सरकवतेय. गाता गाता कधीतरी खाली बघशील. बघितलंस की दार उघड, आणि आधी मला ते गाणं कुठलं ते सांग.

तुझीच, जिन्यात बसलेली,
सुई